मलकवाल येथील लस-प्रकरण (इ. स. १९०२) : एक प्रमाणविचार

शके १८२४, म्हणजे इ. स. १९०२ च्या ऑक्टोबर महिन्याच्या ३० तारखेस, पंजाब प्रांतांतील गुजरात जिल्ह्याच्या मलकवाल ह्या गांवीं १०७ माणसांस प्लेगची लस टोचण्यांत आली. त्यांपैकीं १९ माणसें पुढें धनुर्वातानें मरण पावलीं. ह्या एकोणीसहि जणांस एकाच बाटलींतील लस टोचली होती. त्या बाटलीचा क्रमांक ५३ एन. ती मुंबईस परळ येथील प्रयोगशाळेंत भरली गेली होती. तत्कालीन इंग्रजी कागदांत गांवाचें नांव ‘मुलकोवाल’ असें आढळतें. हल्लीं हें गांव पाकिस्तानांत मंडी बहाउद्दीन जिल्ह्यांत मोडतें.

बाटलींत विष कोठें शिरलें, परळास कीं मलकवालास, ह्या एका प्रश्नावर पांच वर्षें वाद चालला, व त्या वादांत एका थोर संशोधकाची अब्रू पणास लागली. वैद्यकाच्या इतिहासांत हें प्रकरण प्रसिद्ध आहे. परंतु प्रमाणांची छाननी कशी करावी व कशी करूं नये, ह्या दृष्टीनें तें आपल्यासारख्या जुन्या पोथ्या व दप्तरें हाताळणाऱ्यांनीं अवश्य पाहण्यासारखें आहे. लस देतांना होणाऱ्या चुका टाळण्याचे आजचे नियमहि त्याच वर्गाच्या अनुभवांतून आलेले असल्यामुळें हा विचार केवळ गतकालाचा नाहीं.

(१) पूर्वपीठिका

लस टोचण्याचा आपल्या प्रांताशीं संबंध जुना आहे. १४ जून १८०२ रोजीं मुंबईंत ॲना डस्टहॉल ह्या तीन वर्षांच्या मुलीस देवीची लस टोचण्यांत आली. हिंदुस्थानांत गोस्तन-देवीची लस यशस्वी झाल्याचें हें पहिलें उदाहरण होय. बगदाद व बसरा ह्या मार्गानें आलेली ती लस पुढें एका मुलाच्या दंडांतून दुसऱ्याच्या दंडांत अशी चालत राहिली. ही रीति पोथीच्या परंपरेसारखीच होती. प्रत्येक मूल पूर्वीच्या मुलाची प्रत व पुढच्या मुलाची मातृका. साखळींत एके ठिकाणीं दोष शिरला म्हणजे तो पुढच्या सर्वांस भोगावा लागे, व एखाद्याच्या अंगांतील दुसरा रोगहि लसीबरोबर पुढें जाई.

प्लेगच्या लसीचा प्रकार निराळा. १८९६ सालीं मुंबईंत प्लेग उद्भवल्यावर वाल्देमार हाफकिन यांस तेथें पाठविण्यांत आलें. हे जन्मानें ओदेसाचे यहुदी. पॅरिसच्या पाश्चर संस्थेंत काम करून त्यांनीं पटकीवरील लस तयार केली होती, आणि १८९३ पासून हिंदुस्थानांत तिचा प्रसार चालविला होता. ग्रँट मेडिकल कॉलेजांतील एका लहान जागेंत त्यांनीं प्लेगची लस सिद्ध केली, व १० जानेवारी १८९७ रोजीं ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. पुढें भायखळ्याच्या तुरुंगांत तिची परीक्षा झाली. १८९९ सालीं परळ येथील जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्यें त्यांची प्रयोगशाळा स्थिर झाली.

ही लस करण्याची रीति थोडक्यांत अशी. प्लेगचे जंतु मोठ्या चंबूंत मांसरसावर वाढवावयाचे, उष्णता देऊन ते मारावयाचे, व तो रस लहान बाटल्यांत भरून बुचें बसवावयाचीं. म्हणजे येथें चंबू ही मातृका व बाटल्या ह्या तिच्या प्रती. एका प्रतीवरून दुसरी प्रत होत नाहीं. प्रत्येक बाटली थेट मातृकेवरून उतरलेली असते. हा भेद पुढील विचारांत फार महत्त्वाचा आहे.

(२) घटना व चौकशी

१९०२ सालीं पंजाब सरकारनें प्रांतभर टोचणीची मोठी मोहीम हातीं घेतली, व परळाकडे लसीची मागणी एकदम वाढली. ती भागविण्यासाठीं हाफकिन यांनीं कृतींत फेरफार केला. पूर्वी लसींत कार्बॉलिक आम्ल अर्धा टक्का घालीत. नव्या कृतींत तें गाळून केवळ उष्णतेवर भिस्त ठेवण्यांत आली. मलकवालास गेलेली लस ह्या नव्या कृतीची होती.

टोचणीनंतर सुमारें आठवड्यानें गांवांत धनुर्वाताचीं लक्षणें दिसूं लागलीं, आणि ५३ एन ह्या बाटलींतून टोचलेल्यांपैकीं एकहि वांचला नाहीं. त्याच दिवशीं इतर बाटल्यांतून टोचलेल्या ८८ जणांस कांहीं झालें नाहीं. न्यायशास्त्राच्या भाषेंत बोलावयाचें तर अन्वय व व्यतिरेक दोन्ही पूर्ण आहेत. जेथें ती बाटली तेथें धनुर्वात. जेथें ती नाहीं तेथें धनुर्वात नाहीं. दोष त्या बाटलींतच होता, ह्याविषयीं कोणाचाच मतभेद नव्हता.

सरकारनें मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेंकिन्स यांच्या अध्यक्षतेखालीं चौकशीमंडळ नेमलें. मंडळाचा निर्णय असा झाला कीं, बाटली मलकवालास उघडण्यापूर्वींच दूषित झाली होती. म्हणजे दोष परळाचा. कार्बॉलिक गाळल्याचा ठपकाहि त्यांत होताच. हाफकिन यांस प्रयोगशाळेचें काम सोडावें लागलें. मंडळाचा अहवाल मात्र कित्येक वर्षें प्रसिद्ध झाला नाहीं. आरोप सर्वांच्या तोंडीं झाला, पण ज्या प्रमाणांवर तो उभारला तीं कोणास पाहावयास मिळेनात.

अहवाल प्रसिद्ध झाल्यावर रोनाल्ड रॉस यांनीं त्याची उलटतपासणी आरंभिली. हिंवताप डासामुळें पसरतो हें १८९७ सालीं सिकंदराबादेस शोधून काढणारे तेच हे रॉस. १९०७ च्या जुलै महिन्यांत लंडनच्या ‘टाइम्स’ पत्रांत त्यांच्यासह दहा शास्त्रज्ञांच्या सह्यांचें पत्र प्रसिद्ध झालें. परळावरील आरोप सिद्ध तर झालेला नाहींच, उलट उपलब्ध पुराव्यानेंच तो खोडला जातो, असा त्या पत्राचा आशय होता. त्याच वर्षीं सरकारनें हाफकिन यांस पुनः नोकरी देऊं केली. ते कलकत्त्यास परत आले, १९१४ सालीं निवृत्त झाले, व १९३० सालीं स्वित्झर्लंडांत लोझान येथें वारले. परळाच्या संस्थेस १९२५ सालीं त्यांचें नांव देण्यांत आलें, व तें आजहि आहे.

(३) प्रमाणांची छाननी

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. बाटलींत धनुर्वाताचें बीज शिरण्याचीं स्थानें तीनच संभवतात : एक, परळाचा चंबू, दोन, परळासच बाटली भरण्याची क्रिया, तीन, मलकवालास बूच काढण्याची क्रिया. पाठचिकित्सा करणारास हे तीन पक्ष ओळखीचे वाटतील. पोथींत अपपाठ आढळला म्हणजे तो मातृकेंतला, कीं प्रत उतरणाऱ्या लेखकाचा, कीं मागाहून वाचणाराच्या हातचा, हेंच आपण विचारतों.

पहिल्या पक्षाचा निकाल सहज लागतो. अपपाठ मातृकेंत असेल तर तिजवरून उतरलेल्या सर्व प्रतींत तो दिसावयास पाहिजे. ५३ एन ज्या चंबूंतून भरली त्याच चंबूंतून भरलेल्या इतर बाटल्या निर्दोष ठरल्या. म्हणून चंबू शुद्ध होता. भांडारकर संस्थेंत सुखटणकरादि विद्वानांनीं महाभारताच्या संशोधित आवृत्तीसाठीं शेंकडों पोथ्यांची तुलना केली ती ह्याच तत्त्वावर. अनेक स्वतंत्र प्रतींची एकवाक्यता ही मातृकेची साक्ष असते.

परंतु येथेंच थांबणें हा उतावळेपणा होईल. इतर बाटल्या शुद्ध असल्यानें चंबू सुटतो; बाटली भरणारा सुटत नाहीं. एकच बाटली भरतांना किंवा तिचें बूच बसवितांना दोष शिरला असता तरीहि इतर बाटल्या शुद्धच राहिल्या असत्या. चौकशीमंडळाच्या निर्णयास खरा आधार मिळण्याजोगा पक्ष हा दुसराच होय, व त्याचें निराकरण निराळ्या हेतूंनीं करावें लागतें.

असे हेतु दोन आहेत. पहिला वासाचा. धनुर्वाताचे जंतु मांसरसांत वाढले म्हणजे त्यास विशिष्ट दुर्गंध येतो. बूचबंद बाटली ही त्यांच्या वाढीस अनुकूल जागा, कारण त्यांस हवा नको असते. त्यांत कार्बॉलिकहि नव्हतें. भरल्यापासून उघडेपर्यंत कित्येक आठवडे गेले होते. एवढ्या अवधींत वाढलेल्या जंतूंचा वास लपत नाहीं. पण मलकवालास टोचणाऱ्या डॉक्टरांच्या साक्षीप्रमाणें बाटलीस तसा वास नव्हता.

दुसरा हेतु काळाचा. जंतु आधींच वाढलेले असते तर रसांत त्यांचें विष तयार असतें, व रोगाचीं लक्षणें फार लौकर उमटलीं असतीं. प्रत्यक्षांत आठवडाभर कांहीं दिसलें नाहीं. अंगांत केवळ बीज गेलें, व तेथें रुजून त्यानें विष निर्माण केलें, असें मानल्यासच हा अवधि जुळतो.

ह्या दोन हेतूंच्या जोडीस एक प्रत्यक्ष गोष्ट आहे. बूच काढण्याचा चिमटा कंपाउंडराच्या हातून जमिनीवर पडला व तो रीतसर शुद्ध न करतां पुनः वापरला गेला, हें चौकशींतच पुढें आलें होतें. गांवांतील जमीन म्हणजे गुरांघोड्यांच्या शेणालिदीनें मिसळलेली माती, आणि धनुर्वाताच्या बीजाचें तें घरच होय. मंडळापुढें ही साक्ष होती, पण तिला द्यावयाचें महत्त्व त्यांनीं दिलें नाहीं.

कार्बॉलिकविषयींहि येथेंच बोललें पाहिजे. अर्धा टक्का कार्बॉलिकनें धनुर्वाताचीं बीजें मरत नाहींत. त्यांची बाटलींतील वाढ मात्र खुंटते. बीज बाटली उघडतांना शिरलें असेल, व लस लगेच टोचली असेल, तर कार्बॉलिक असतें तरी त्या एकोणीस जणांचे प्राण वांचले असते असें म्हणतां येत नाहीं. मंडळानें एक दिसणारा बदल पाहिला, व दिसणाऱ्या अनर्थाचें कारण तोच मानला. आधीं घडलें म्हणून त्यामुळेंच घडलें, हा हेत्वाभास नैयायिकांच्या परिचयाचा आहे.

(४) दोष कोणाचा ?

येथवरचा विचार हाफकिन यांच्या बाजूचा झाला, व तो न्याय्य आहे. परंतु बहुतेक लेखक येथेंच थांबतात, आणि थोरावरचा दोष उचलून एका कंपाउंडराच्या माथीं ठेवितात. प्रस्तुत लेखकास हें समाधानकारक वाटत नाहीं. हाफकिन यांचा बचाव करावयास मोठमोठे विद्वान् पुढें आले. त्या कंपाउंडराचा बचाव करावयास कोणी आलें नाहीं.

चिमटा पडणें हा अपराध नव्हे. दिवसभरांत शेंसव्वाशें माणसांस टोचावयाचें, भोंवतीं गर्दी, उघडें अंगण, आणि एकाच हातानें अनेक कामें. अशा ठिकाणीं कोणाच्या तरी हातून चिमटा केव्हां तरी पडणारच. खरा प्रश्न असा कीं, चिमटा पडला असतां एकोणीस माणसें मरावींत अशी व्यवस्था कां होती ? दुसरा चिमटा जवळ होता काय ? पडलेल्या चिमट्याचें काय करावें हें त्यास शिकविलें होतें काय ? आणि एका बाटलींत वीसएक माणसांची लस कां भरलेली होती ? बाटली जितकी मोठी तितका एका चुकीचा विस्तार मोठा, हें तर उघडच आहे.

ह्या प्रश्नांचीं उत्तरें तेव्हां कोणी शोधलीं नाहींत, आणि त्याची किंमत पुढें दुसऱ्या देशांतल्या मुलांनीं दिली. २७ जानेवारी १९२८ रोजीं ऑस्ट्रेलियांतील बंडाबर्ग गांवीं घटसर्पाच्या लसीच्या एकाच बाटलींतून २१ मुलांस टोचलें, आणि त्यांपैकीं १२ मुलें दगावलीं. ती बाटली पूर्वी उघडलेली होती. रबरी बुचांतून पुनः पुनः सुई घालून तिच्यांतून लस काढीत. त्यांत जंतूंची वाढ रोखणारें द्रव्य नव्हतें, आणि दिवस कडक उन्हाळ्याचे होते. चार्ल्स केलवे यांच्या अध्यक्षतेखालील चौकशीमंडळानें त्यांतून नियम काढला कीं, ज्या लसींत जंतु वाढूं शकतात ती, पुरेसें जंतुरोधक द्रव्य घातल्याशिवाय, पुनः पुनः वापरावयाच्या बाटलींत भरून देऊं नये. मलकवालच्या चौकशीनें गुन्हेगार शोधला. बंडाबर्गच्या चौकशीनें बाटली बदलली. दोहोंपैकीं उपकारक कोणती, हें वाचकांनींच ठरवावें.

मलकवालच्या चौकशीची हानि एका माणसापुरती राहिली नाहीं. पंजाबांतील टोचणीच्या मोहिमेस ह्या घटनेनें मोठाच धक्का बसला व लोकांचा विश्वास उडाला. प्लेग मात्र थांबला नाहीं. एकट्या १९०७ सालीं त्या प्रांतांत प्लेगनें मेलेल्यांची संख्या सहा लक्षांच्या घरांत गेली. एवढा सारा संहार त्या एका बाटलीमुळें झाला असें कोणीहि म्हणणार नाहीं. पण संरक्षण देऊं शकणारी वस्तु लोकांच्या हातून गेली, हें खोटें नाहीं.

(५) आजच्या दवाखान्यांत

शंभराहून अधिक वर्षें लोटलीं. आतां लस कारखान्यांत पारखून येते, व दोष बहुधा शेवटच्या हातीं, म्हणजे गांवच्या आरोग्यकेंद्रांत, होतात. त्यांचे प्रकार पाहिले तर पोथी उतरणाऱ्यांच्या चुकांशीं त्यांचें साम्य आश्चर्यकारक आहे.

पहिला प्रकार सादृश्याचा. नागरी पोथींत घ व ध, भ व म, प व य ह्यांची अदलाबदल होते, कारण त्यांचे आकार सारखे. सप्टेंबर २०१४ मध्यें सीरियांतील इदलिब प्रांतांत गोवराची लस कालविण्याच्या द्रवाऐवजीं स्नायु शिथिल करणारें औषध वापरलें गेलें, व पंधरा मुलें दगावलीं. दोन्ही कुप्या दिसण्यांत सारख्या होत्या. आपल्याकडे ३१ जानेवारी २०२१ रोजीं यवतमाळ जिल्ह्यांतील घाटंजी तालुक्यांत बारा मुलांस पोलिओच्या थेंबांऐवजीं हात निर्जंतुक करण्याचा द्रव पाजला गेला. मुलांस रुग्णालयांत ठेवावें लागलें. सुदैवानें सारीं वांचलीं. कर्मचाऱ्यांवर कारवाई झाली. परंतु दोन सारखे आकार एकाच मेजावर राहूं दिले, तर केवळ लेखकास दंड करून अपपाठ थांबत नाहींत. लसीच्या पेटींत व शीतकपाटांत लसीशिवाय व तिच्या द्रवाशिवाय दुसरें कांहींच ठेवूं नये, हा नियम त्यावरील खरा उपाय होय.

दुसरा प्रकार गळतीचा व द्विरुक्तीचा. लेखकाची नजर एका ओळीवरून भलत्या ओळीवर जाते, व मजकूर गळतो किंवा दोनदां येतो. तसेंच मुलाची एक मात्रा राहून जाते, अथवा तीच पुनः दिली जाते. ह्यावर उपाय एकच. टोचल्याबरोबर, त्याच ठिकाणीं, मुलाच्या पत्रिकेंत व केंद्राच्या नोंदवहींत तारीख लिहावी. संध्याकाळीं आठवून लिहिलेली नोंद ही समकालीन कागदाच्या योग्यतेची नसते, हें इतिहासाच्या अभ्यासकांस सांगावयास नको.

तिसरा प्रकार कालगत विकाराचा. पोथीस कसर लागते, लसीस ऊन. हल्लीं बाटलीवर वर्तुळांत एक पांढुरका चौकोन असतो. उष्णतेनें तो गडद होत जातो, व वर्तुळाच्या रंगाशीं जुळला कीं ती बाटली टाकावयाची. कालविलेली गोवराची व क्षयाची लस चार तासांनंतर वापरीत नाहींत. कांहीं विशिष्ट लसी उघडल्यावर अठ्ठावीस दिवसांपर्यंत चालतात, पण बाटलीवर उघडल्याची तारीख व वेळ लिहिलेली असेल तरच. ही पोथीची पुष्पिकाच नव्हे काय ? जिच्या शेवटीं शक, तिथि व लेखकाचें नांव आहे ती पोथी स्वतःच्या वतीनें साक्ष देते. जिला पुष्पिका नाहीं तिजविषयीं मलकवालसारखा वाद पिढ्यान्‌पिढ्या चालतो.

आणि शेवटीं चिमट्याची गोष्ट. आतां सरकारी लसीकरणांत जी पिचकारी वापरतात ती एकदां दाबल्यावर पुनः ओढतांच येत नाहीं. म्हणजे कर्मचारी कितीहि दमलेला असो, तीच सुई दुसऱ्यास टोचणें त्याच्या हातून घडूंच शकत नाहीं. सावधगिरीचा उपदेश करण्यापेक्षां चूक अशक्य करणें श्रेयस्कर, हा विचार मलकवालास कोणास सुचला नव्हता.

(६) निष्कर्ष

वरील विवेचनावरून निघणारे निष्कर्ष असे :

(अ) ५३ एन ह्या बाटलीचा दोष चंबूंतील नव्हता हें निश्चित. तो बाटली भरतांना शिरला हा पक्ष वास व काळ ह्या दोन हेतूंनीं दुर्बल ठरतो. मलकवालास बूच काढतांना तो शिरला हाच पक्ष सर्वांत बलवान् आहे.

(आ) चौकशीमंडळानें समोर असलेली साक्ष तोलली नाहीं. आणि अहवाल दीर्घकाळ अप्रसिद्ध राहिल्यानें इतरांसहि ती तोलतां आली नाहीं. प्रमाणें झांकून ठेवून दिलेला निर्णय हा निर्णय नव्हे.

(इ) शेवटच्या हातास दोष देऊन प्रकरण मिटविणें सोपें असतें. पण चूक कमी होते ती पात्र, नियम व नोंद हीं तीन सुधारल्यानें.

जातां जातां संग्राहकांस एक विनंति. मलकवालचा वाद सुटूं शकला तो बाटलीस क्रमांक होता म्हणून, व कोणत्या बाटलींतून कोणास टोचलें ह्याची नोंद राहिली होती म्हणून. आपल्याकडे जुन्या वाड्यांतून व कचेऱ्यांतून देवी टोचल्याचे दाखले, टोचणाऱ्यांच्या नोंदवह्या, व प्लेगच्या वेळचे टोचणीचे कागद अद्याप सांपडतात. सनदा, महजर व बखरी ह्यांच्या पुढें हे कागद क्षुद्र समजून रद्दींत घालण्याचा प्रघात आहे. तो मोडावा. असे कागद कोणाजवळ असतील तर त्यांची निदान यादी करून ठेवावी, व त्यांतील क्रमांक, तारखा व गांवांचीं नांवें जशींच्या तशीं उतरून घ्यावींत. आरोग्यकेंद्रांच्या अलीकडील नोंदवह्यांसहि हीच गोष्ट लागू आहे. मुदत संपली म्हणून त्या नष्ट होण्यापूर्वीं त्यांचे नमुने तरी राखले गेले पाहिजेत.